माइल्स आपले, सीट त्यांची

"माइल्स माझे हायेत, सीट रिकामी हाय, मग तिकीट का दिना झालेत?" गेवराईच्या एका जिनिंगवाल्या गृहस्थांनी क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट माझ्या टेबलावर पसरून हा प्रश्न विचारला. अंबाजोगाईचे निवृत्त प्राध्यापक तोच प्रश्न शुद्ध मराठीत विचारतात आणि पुण्याहून फोन करणाऱ्या त्यांच्या सूनबाई अर्ध्या इंग्रजीत. उत्तर मात्र कोणत्याही भाषेत दिलं तरी ऐकणाऱ्याला सारखंच लागतं. विमान कंपनीच्या नियमावलीप्रमाणे ते माइल्स तुमच्या मालकीचे नसतात. खात्यावर नाव तुमचं असतं. पण ते कशासाठी, कधी आणि कोणाला वापरू द्यायचे हे कंपनी ठरवते, आणि ठरवलेलं तिला वाटेल तेव्हा बदलता येतं.

मी बीडमध्ये विमान तिकिटांचं काम करतो. आमच्या जिल्ह्यात विमानतळ नाही. बीड शहरात प्रवासी रेल्वे सुरू व्हायलाही १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी बीड-अहिल्यानगर गाडी धावली आणि तीन पिढ्यांनी केलेली मागणी निम्मी का होईना पुरी झाली. विमान गाठायचं तर छत्रपती संभाजीनगर, पुणे, हैदराबाद, आणि परदेशी जायचं तर बहुधा रात्रभर गाडीत बसून मुंबई. तरी इथून जगभर माणसं जातात. उमराहचे गट जातात. आखातात गवंडी, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन म्हणून पोरं जातात. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले डॉक्टर इंग्लंड-अमेरिकेत आहेत, आणि त्यांचे आईवडील नातवंडांसाठी, बाळंतपणासाठी ये-जा करतात. साधं तिकीट आता लोक मोबाइलवरच काढतात. माझ्याकडे येतं ते अडलेलं काम, आणि सगळ्यात जास्त अडलेलं काम माइल्सच्या तिकिटाचं. त्यातही फर्स्ट क्लास.

मे २०२५ मध्ये एमिरेट्सनं आपल्या स्कायवर्ड्स योजनेत एक बदल केला. माइल्स देऊन फर्स्ट क्लासची सीट घ्यायची असेल, किंवा बिझनेस क्लासमधून माइल्सवर फर्स्टमध्ये जायचं असेल, तर सभासद किमान सिल्व्हर दर्जाचा पाहिजे. साध्या, म्हणजे ब्लू सभासदाला ती वाट बंद झाली, मग त्याच्या खात्यावर कितीही माइल्स असोत. ही सुरुवातही नव्हती. स्विसची फर्स्ट क्लास पूर्वीपासून माइल्स अँड मोअर योजनेतल्या सेनेटर आणि एचओएन सर्कल या वरच्या दोन दर्जांनाच माइल्सवर मिळते. त्यातल्या एचओएन सर्कलसाठी २०२४ पूर्वी दोन वर्षांत ६ लाख दर्जा-माइल्स, म्हणजे दर्जासाठी धरले जाणारे माइल्स, उडावे लागत. एअर फ्रान्सची 'ला प्रमिएर' ही केबिनही दर्जाधारकांपुरतीच ठेवलेली. सिंगापूर एअरलाइन्सचा नियम जरा निराळा आहे. तिच्या मोठ्या विमानातले फर्स्ट क्लासचे सूट माइल्सवर हवे असतील तर ते माइल्स तिच्या स्वतःच्या क्रिसफ्लायर योजनेतले लागतात. भागीदार कंपनीचे माइल्स घेऊन गेलेला माणूस दारातूनच परत येतो. लुफ्तान्सा भागीदार कंपन्यांच्या सभासदांना फर्स्टच्या सीटा बरीच वर्षं उड्डाणाच्या शेवटच्या पंधरवड्यातच दाखवत आली. पंधरा दिवसांत आमच्या माणसाचं काय होणार? व्हिसाची तारीख, मुलाची रजा, तीन महिन्यांच्या गोळ्या, रान कोणाच्या हवाली करायचं आणि म्हशी कोण बघणार, हे सगळं त्याला चार महिने आधी लावावं लागतं.

एमिरेट्सचा सिल्व्हर म्हणजे काय, हे मी ग्राहकांना कागदावर मांडून दाखवतो. तेरा महिन्यांत २५,००० दर्जा-माइल्स, किंवा २५ उड्डाणं. मुंबईहून दुबई, दुबईहून न्यूयॉर्क, तिथून परत दुबई आणि परत मुंबई, ही झाली चार उड्डाणं. सहा वेळा अमेरिकेला जाऊन आलं तरी चोवीसच होतात. दोन वर्षांतून एकदा मुलीकडे जाणाऱ्या आईवडिलांना या हिशोबात या जन्मी सिल्व्हर होणं नाही. दर्जा-माइल्सचा दुसरा रस्ता आहे, पण स्वस्तातल्या इकॉनॉमी तिकिटावर ते थोडे मिळतात, आणि बँकेच्या पॉइंटमधून वळवून आणलेले माइल्स दर्जासाठी धरतच नाहीत. म्हणजे ज्या माणसाकडे माइल्स जास्त आहेत तो दर्जाचा असेलच असं नाही. खत-बियाणं, सोनं, मुलांची फी, दवाखान्याचं बिल, सगळं कार्डावर घालून ज्यानं तीन-चार वर्षं पॉइंट साठवले, तो माणूस नेमका या नियमानं बाहेर पडतो.

फर्स्ट क्लासच्या सीटा असतात तरी किती? एमिरेट्सच्या एअरबस ए-३८० मध्ये १४. त्याच विमानात अंघोळीच्या शॉवरच्या दोन खोल्या आहेत, आणि आकाशात अंघोळ करायची एवढ्या एका हौसेपायी माझ्याकडे आलेली माणसं आहेत. सिंगापूर एअरलाइन्सच्या नव्या रचनेच्या ए-३८० मध्ये सूट फक्त सहा. एअर फ्रान्स एका विमानात चार सीटा ठेवते, एअर इंडियाच्या लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७ मध्येही चारच होत्या. एवढ्या थोड्या मालाला जगभरातून गिऱ्हाईक. बहुतेक कंपन्यांनी तर फर्स्ट क्लास काढूनच टाकली, कारण बिझनेस क्लासची सीटच आता पलंगासारखी आडवी होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला सोळा तास पाय लांब करता आले म्हणजे पुरे, आणि ते बिझनेसमध्ये होतं. पण माणूस गरजेपुरतंच मागतो असं थोडंच आहे? चाळीस वर्षं शाळेत किंवा दवाखान्यात घालवलेल्या जोडप्याला आयुष्यात एकदा विमानाच्या नाकातल्या त्या खोलीत बसून बघावंसं वाटतं. या इच्छेला मी कधी हसलो नाही. रोख पैसे देऊन ती पुरी करणं या लोकांच्या आवाक्यात नसतं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी असताना त्याच्या वरच्या वर्गांवर तो १२ वरून १८ टक्के झाला आहे. माइल्स हाच त्यांचा एक रस्ता होता.

'सीट रिकामी आहे' हे ग्राहक म्हणतो ते खरं असतं का? बहुधा असतं. माझ्या पडद्यावर एका उड्डाणाची ओळ अशी येते: एफ ७, ए ४, जे ९, सी ९, आणि पुढे इकॉनॉमीची वाय, बी, एम अशी अक्षरांची रांग. अक्षर म्हणजे भाड्याचा वर्ग. आकडा म्हणजे त्या भाड्याला या घटकेला विकायला ठेवलेल्या सीटा. नऊ दिसले तर नऊ किंवा त्याहून जास्त. एफ ही पूर्ण भाड्याची फर्स्ट, ए ही थोडी उतरवलेली. वरच्या ओळीत सात जणांना पूर्ण भाड्यात फर्स्ट क्लास मिळू शकते, त्यातल्या चौघांना कमी भाड्यात. माइल्सवरच्या सीटांचं अक्षर वेगळं. स्टार अलायन्सच्या कंपन्यांत फर्स्टसाठी ओ, बिझनेससाठी आय, इकॉनॉमीसाठी एक्स. एफ सात असताना ओ शून्य असू शकतो, आणि बहुतेक वेळा असतोच.

हा शून्य कोणी बाबू खुर्चीत बसून टाकत नाही. कंपनीकडे त्या मार्गाचा, त्या वाराचा, त्या हंगामाचा जुना हिशोब असतो. सातपैकी किती सीटा रोखीनं जातील, किती शेवटच्या आठवड्यात एखादी बडी कंपनी आपल्या साहेबासाठी घेईल, विमानतळावर काउंटरवर पैसे भरून किती बिझनेसवाले वर सरकतील, याचा अंदाज यंत्र रोज नव्यानं बांधतं. त्यातून जी सीट विकली जाणार नाही असं वाटतं तीच ओ मध्ये पडते. म्हणून एखादी सीट अकरा महिने आधी दिसते, मग महिनोन्‌महिने गायब होते आणि उड्डाणाच्या आठवड्यात पुन्हा उगवते. या चढउतारावर नजर ठेवणं हेच माझ्या कामाचं कसब होतं. पहाटे पाचला उठून तारखा फिरवल्या की कधीतरी दोन सीटा हाती लागायच्या, आणि तो फोन करताना मला होणारा आनंद ग्राहकाच्या आनंदाहून कमी नसे.

दर्जाच्या अटीनं या कसबावर दुसरं कुलूप घातलं. आता ओ शून्य नसला तरी काही लोकांना तो शून्यच दिसतो. एकच उड्डाण, एकच तारीख. कंपनीच्या कामानं महिन्यातून चार वेळा उडणारा मुलगा स्वतःच्या खात्यातून बघतो तर दोन सीटा. वडील स्वतःच्या खात्यातून बघतात तर एकही नाही. दोघांचे माइल्स एकाच योजनेतले आणि मागितलेली किंमतही एकच. सीट शिल्लक नसणं समजून घेता येतं. ती आहे, माझ्याकडे तिची ठरलेली किंमत आहे, आणि तरीही मला ती दाखवायची नाही असं कोणीतरी आधीच ठरवलंय, हे गिळायला जड जातं.

यात कंपनीचं म्हणणं काय, हेही मांडायला हवं, कारण ते अगदीच पोकळ नाही. अशा योजना निघाल्या त्या मुळात नेहमीच्या प्रवाशासाठीच. अमेरिकेत १९७८ साली विमान कंपन्यांवरचं भाड्याचं आणि मार्गाचं सरकारी नियंत्रण उठलं, स्पर्धा सुरू झाली, आणि १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सनं 'अ‍ॅडव्हान्टेज' योजना काढली. काही दिवसांतच युनायटेडनं आपली काढली. सौदा साधा होता: तू आमच्याच विमानानं उड, आमची जी सीट नाहीतरी रिकामी जाणार ती आम्ही तुला कधीतरी फुकट देऊ. त्या काळी माइल्स म्हणजे खरोखर उडालेले मैल. ज्याच्याकडे ते जास्त तो कंपनीचा मोठा ग्राहक, एवढं सरळ गणित.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रेडिट कार्डं त्यात शिरली आणि गणित बदललं. कंपनी बँकेला माइल्स विकू लागली, बँक ते आपल्या कार्डधारकांना वाटू लागली. हा व्यवहार आज किती मोठा आहे? डेल्टा एअरलाइन्सला एकट्या अमेरिकन एक्स्प्रेसकडून २०२४ मध्ये ७०० कोटी डॉलरहून जास्त मिळाले. कोविडमध्ये विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा युनायटेडनं आपली माइलेजप्लस योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. त्या वेळी योजनेची किंमत सुमारे २,२०० कोटी डॉलर धरली होती, आणि त्याच सुमारास शेअर बाजारात विमानांसकट सगळ्या कंपनीची किंमत त्याहून कमी होती. माइल्स हे उडण्याचं बक्षीस राहिलं नाही, ते कंपनीनं छापून विकायचं चलन झालं. चलन वाढलं, सीटा वाढल्या नाहीत. उलट फर्स्टच्या कमीच झाल्या. मग वर्षाला लाख-दीड लाख मैल खरोखर उडणारा जुना ग्राहक तक्रार करू लागला, की माझ्या वाट्याची सीट कार्ड घासणारा घेऊन जातो. त्याला राखायचं म्हणून दार दर्जावाल्यांपुरतं केलं.

आमच्या जिल्ह्यातल्या ऊसवाल्या शेतकऱ्याला हे मी कारखान्याच्या भाषेत सांगतो, आणि त्याला ते लगेच कळतं. सहकारी कारखान्याचे सभासद असतात आणि बाहेरून येणारा गेटकेन असतो. दुष्काळात ऊस कमी पडला की कारखान्याची माणसं गेटकेनच्या मागे गावोगाव फिरतात. शेतकी अधिकारी बांधावर येऊन चहा पितो, दर वाढवून देतो. पाऊस बरा झाला, ऊस उदंड झाला, की आधी सभासदाची तोड, आणि बाहेरच्याचा ऊस मार्च-एप्रिलच्या उन्हात वाळत उभा. कार्डावर माइल्स साठवणारा माणूस हा विमान कंपनीचा गेटकेन आहे. कोविडमध्ये विमानं रिकामी होती, रोकड हवी होती, तेव्हा माइल्स सवलतीत विकले, वर बोनस दिला. प्रवासी परतले, फर्स्ट क्लास रोखीनं भरायला लागली, तशी त्याची तोड थांबली. तोडीच्या क्रमात आपल्याकडे वशिला चालतो हे मी नाकारत नाही. पण कारखान्याच्या सभासदाकडे शेअर असतो, त्याला वार्षिक सभेची नोटीस घरी येते, मत असतं, आणि सभेत उभं राहून चेअरमनला 'माझा ऊस का ठेवला' असं विचारता येतं. विमान योजनेच्या सभासदाला यातलं काहीच नाही. नियम बदलल्याचं त्याला ई-मेलनं कळलं तरी नशीब.

म्हणून माझा राग नियमावर फारसा नाही. आपल्या सगळ्यात चांगल्या चौदा सीटा नेहमीच्या ग्राहकासाठी ठेवण्याचा कंपनीला अधिकार आहे. मुंबईची नाट्यगृहंसुद्धा काही खुर्च्या राखून ठेवतात. राग आहे तो क्रमावर. माइल्स विकताना कोणी दर्जा विचारत नाही. बँकेचा पोरगा माझ्याच दुकानाच्या पायरीवर उभा राहून कार्डाचा अर्ज भरून घेतो, त्याच्या हातातल्या घडीपत्रकावर आडवं पडून शॅम्पेन पिणाऱ्या प्रवाशाचा फोटो असतो, आणि त्या फोटोखाली 'दर्जाधारकांनाच' असा शब्द मी अजून वाचलेला नाही. वार्षिक फी घेतली जाते. पॉइंट माइल्समध्ये वळवले जातात, आणि एकदा वळवले की ते परत बँकेत येत नाहीत. एवढं सगळं होऊन माणूस सीट मागायला जातो तेव्हा त्याला प्रथमच त्याची पायरी दाखवली जाते.

माइल्स अशा तऱ्हेनं हातात राहण्याचा अनुभव मराठी कुटुंबांना नवा नाही. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली. जेट एअरवेजनं १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं उड्डाण केलं. मुंबई-पुण्याच्याच नव्हे, आमच्याकडच्या डॉक्टर-वकिलांच्या घरांतही जेटप्रिव्हिलेजची कार्डं होती. ती योजना वेगळ्या कंपनीत होती आणि तिच्यात एतिहादचा ५०.१ टक्के वाटा होता, म्हणून माइल्स कागदावर टिकले. पुढे योजनेचं नाव इंटरमाइल्स झालं. पण जेटच्या बोइंग ७७७ मधल्या आठ फर्स्ट क्लास सूटसाठी ज्यांनी ते साठवले होते त्यांच्यासाठी विमानच उरलं नाही. लोकांनी मग हॉटेलं घेतली, व्हाउचरं घेतली, कोणी मिक्सर घेतला. त्या वेळी माझ्याकडे आलेल्या एका मॅडमनी आपले सगळे माइल्स पुतणीच्या लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांच्या देशांतर्गत तिकिटांना लावले. तेवढा शहाणपणा फार थोड्यांना वेळेत सुचला.

एअर इंडियाची गोष्ट सौम्य आहे, पण दिशा तीच. एप्रिल २०२४ मध्ये तिची फ्लाइंग रिटर्न्स योजना बदलली आणि पॉइंट अंतरावर मिळायचे ते खर्च केलेल्या पैशांवर मिळू लागले. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा तिच्यात विलीन झाली, २०२५ मध्ये योजनेचं नाव महाराजा क्लब झालं, आणि दर्जे चार: रेड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. अंतराऐवजी पैसा मोजणं हे ऐकायला न्याय्य वाटतं, कारण जो जास्त देतो त्याला जास्त. पण आमचा प्रवासी कसा उडतो ते बघा. तो फार लांब उडतो आणि फार स्वस्तात उडतो. सहा महिने आधी, मुलाची सुट्टी आणि भाडं दोन्ही जुळवून घेतलेलं मुंबई-न्यूयॉर्क तिकीट. अंतराच्या हिशोबात त्याला भरघोस मिळत होतं. पैशाच्या हिशोबात दर आठवड्याला मुंबई-दिल्ली शेवटच्या दिवशी तिकीट काढणारा साहेब त्याच्या पुढे निघून जातो. दर्जा मिळवण्याची शिडी अशी एकेक पायरीनं वर ओढून घेतली जाते आणि शिडीच्या टोकाला फर्स्ट क्लासचं दार.

कायद्यात याला जागा आहे का, हे मी वकील मित्रांबरोबर बसून तपासलं आहे. अमेरिकेच्या परिवहन खात्यानं सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकन, डेल्टा, साउथवेस्ट आणि युनायटेड या चार कंपन्यांकडून त्यांच्या योजनांची माहिती मागवली. माइल्सची किंमत घटवणं, तिकिटाचे सतत बदलणारे दर, लपलेलं शुल्क हे त्यातले मुद्दे. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डाबद्दलचे निर्देश आहेत. कार्डाचं शुल्क बदलायचं तर ते पुढच्या तारखेपासून, आणि किमान एक महिन्याची सूचना देऊन. पण ज्या माइल्सच्या आमिषानं कार्ड घेतलं त्या माइल्सचं विमानात काय होतं, हे त्या एक महिन्याच्या सूचनेत येत नाही. उरतो ग्राहक संरक्षण कायदा २०१९. त्याच्या कलम २(४६) मध्ये 'अन्याय्य करार' ही संकल्पना आहे: ग्राहकाच्या हक्कांत मोठा बदल घडवून त्याला तोट्यात टाकणाऱ्या, अवाजवी अट लादणाऱ्या कराराला त्याखाली आव्हान देता येतं. अडचण एवढीच, की अन्याय्य कराराची तक्रार बीडच्या जिल्हा आयोगात चालत नाही. ती राज्य आयोगापुढे न्यावी लागते, किंवा रक्कम फार मोठी असेल तर राष्ट्रीय आयोगापुढे. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. ज्याला सीटच मिळाली नाही असा माणूस तेवढ्यासाठी राज्य आयोगाच्या खेपा का घालील? म्हणून तक्रारी होत नाहीत, आणि तक्रारी नाहीत म्हणून कंपन्यांना हे सगळं लोकांना मान्य आहे असं वाटतं.

माझ्या मागण्या तीन आहेत आणि तिन्ही कंपन्यांना परवडण्यासारख्या आहेत. एखादा वर्ग दर्जाधारकांपुरता करायचा तर किमान बारा महिने आधी जाहीर करा. तोवर खात्यावर जमा झालेले माइल्स जुन्या नियमानं वापरू द्या. नव्या माइल्सना नवा नियम लावा. आणि बँकेच्या ज्या कागदावर फर्स्ट क्लासचा फोटो आहे त्याच कागदावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, ती कोणाला मिळते ते मराठीत छापा. शेवटची मागणी रिझर्व्ह बँक एका परिपत्रकानं पुरी करू शकते.

तोवर मी ग्राहकांना काय सांगतो तेही लिहितो, कारण या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या खिशात ही कार्डं आहेत. पॉइंट बँकेतच राहू द्या. सीट डोळ्यांनी दिसल्याशिवाय विमान कंपनीकडे वळवू नका. वळवल्यावर 'पंधरा टक्के बोनस' मिळतो म्हणून तर मुळीच नाही. फर्स्टसाठी थांबू नका. बिझनेस क्लासच्या सीटा अजून साध्या सभासदाला मिळतात, एका विमानात त्या चाळीस-पन्नास असतात, आणि त्यांच्यासाठी लागणारे माइल्सही कमी. घरातला एखादा मुलगा किंवा जावई कामानिमित्त सतत उडत असेल तर त्याच्या दर्जाचा उपयोग करा. बऱ्याच योजनांत त्याला आपल्या खात्यातून आईवडिलांचं तिकीट काढता येतं, काहींत घरच्यांचे माइल्स एकत्र करण्याची सोयही आहे. तिकीट माइल्सवर घेतलं तरी कर आणि इंधन अधिभार रोख भरावा लागतो, तो आधी विचारून घ्या. काही कंपन्यांत तो इतका असतो की माइल्स वाचवून ठेवलेले बरे. आणि जे साठलंय ते दोन वर्षांच्या आत वापरा. सवलतीच्या काळात साठवलेल्या माइल्सची किंमत पुढे वाढल्याचं माझ्या पाहण्यात एकही उदाहरण नाही.

वर सांगितलेल्या प्राध्यापकांनी बिझनेसचं तिकीट घेतलं. यंदा पावसाळ्यात दोघं नवराबायको सूनबाईंच्या माहेरच्या लोकांबरोबर युरोप करून आले आणि खूश आहेत. पण त्यांनी विषय सोडलेला नाही. ज्या कंपनीच्या फर्स्ट क्लाससाठी त्यांनी पॉइंट वळवले होते तिचं नाव या लेखात कुठेही आलेलं नाही, आणि येणारही नाही, कारण प्रकरण आता कागदावर जातंय. कार्ड घेतानाचं घडीपत्रक त्यांनी जपून ठेवलं होतं. शिक्षकाच्या सवयीनं वर तारीखही घातलेली. पॉइंट वळवल्याची पावती आहे, नियम बदलल्याचा ई-मेल त्यानंतर एकोणीस दिवसांनी आलेला आहे, आणि माझ्या पडद्यावरच्या त्या दिवशीच्या ओळीची छापील प्रत मी जोडली आहे, तीत एफ समोर सात आहेत. राज्य आयोगाकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदा अंबाजोगाईच्या एका वकिलीणबाईंनी फी न घेता तयार केलाय. दिवाळीची सुट्टी संपली की तो दाखल होईल.